खंडेनवमीला चालू राहिलेलं मशीन

रुपराव ढोबळे जन्माचा भित्रा. काटोलहून नागपूरला आला, धरमपेठेत दत्तोपंत इंजिनियरांकडे नकाशे काढायला लागला, त्याला वीस वर्षं झाली. तरी साहेबांची स्कूटर फाटकात वाजली की हा बाप्या खुर्चीतून ताडकन उभा राहायचा. साहेब काही वाघ नव्हते हो! पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस, त्याला कोण काय करणार?

त्यात अठ्ठ्याऐंशी साली साहेबांनी कॉम्प्युटर आणला. सुटकेससारखा, मूठ धरून उचलता येणारा. रुपराव त्यावर नकाशे काढायला शिकला खरा, पण मशीन असं मठ्ठ की कालव्याची एक रेघ हलवली तर सगळा नकाशा पुसायचं आणि पुन्हा मुंगीच्या पावलांनी काढत बसायचं. साहेब म्हणाले, "रुपराव, दसऱ्याच्या सकाळी नकाशा गेला नाही तर काम हातचं जाईल. मग मला एक माणूस कमी करावा लागेल." चौकीदार नत्थू सोडला तर ऑफिसात माणसं दोनच होती, साहेब आणि रुपराव.

झालं! रुपरावची झोप उडाली. मशीन पळवायचा काही उपाय आहे का, म्हणून तो सदर, महाल, सगळीकडे विचारत हिंडला. लोक हसले. शेवटी सीताबर्डीवर कॉम्प्युटरचा क्लास चालवणारा त्याचा गाववाला लहानू भेटला. त्याने एक फ्लॉपी काढून दिली.

"आत चित्र काढणारं कार्ड असते ना, त्याले हा प्रोग्राम पळवते. कंपनीनं ठरवलं त्याच्याहून जोरात."

"जळन तर नाही ना गा?"

"गरम होईन. पंखा लावून ठेव, वारा लागू दे. काहून भिऊन राहिला एवढा?"

काहून म्हणे! त्या मशीनच्या किमतीत रुपरावचं घर दोनदा आलं असतं. तीन दिवस फ्लॉपी पिशवीतच राहिली. पण खंडेनवमी उजाडली. ह्या दिवशी हत्यारं-अवजारं पुजायची, मग दसऱ्यापर्यंत त्यांना हात लावायचा नाही. म्हणजे पूजेआधी नकाशा व्हायलाच हवा होता. रुपराव सकाळीच आला, टेबलफॅन मशीनकडे वळवला आणि जीव मुठीत धरून फ्लॉपी घातली.

अगबाई, काय पळालं मशीन! रेघा भराभर उमटू लागल्या. रुपरावला हसू फुटलं. मग त्याने वरून हात लावला आणि हसू मावळलं. तवा तापावा तसं ते तापलं होतं.

तेवढ्यात फाटकात स्कूटर वाजली. साहेब आणि त्यांच्या पत्नी यमुताई पूजेला लवकरच आले. रुपरावला काही सुचेना. मशीन बंद करावं तर अर्धा नकाशा जाणार. त्याने नुसता पडद्याचा उजेड अगदी कमी केला. पडदा काळा झाला, बघणाऱ्याला वाटावं बंदच आहे.

यमुताईंनी निरांजन लावलं आणि ज्योत विझू नये म्हणून आधी पंखा बंद केला. मग मशीनवर आपला रेशमी शेला पांघरला. बाजूच्या फटींतून गरम हवा बाहेर पडायची, त्या फटींत शोभेला झेंडूची फुलं खोचली.

"ताई, पंखा..." रुपराव पुटपुटला.

"अहो, निरांजन विझेल ना!"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बोलावं तर परक्याचा प्रोग्राम साहेबांच्या मशीनमध्ये घातल्याचं कबूल करा. न बोलावं तर... रुपराव टाळ्या वाजवत आरती म्हणत राहिला. आरती संपली, प्रसाद झाला. निरांजन तेवतं ठेवून साहेबांनी कुलूप लावलं.

सगळे फाटकाकडे निघाले. मशीनच्या खोलीला लागूनच नत्थूची खोली. त्याची बायको तुळसाबाई दारात भांडी घासत होती. आत मधल्या भिंतीशी झोळीत तिचं महिन्याचं लेकरू निजलं होतं. रुपरावला झोळी दिसली. तो पुढे गेला. फाटकाशी पोचला. आणि मग गर्रकन मागे वळून तो ओरडलाच.

"साहेब, कुलूप उघडा! मशीन चालू आहे!"

दार उघडलं तर शेल्यातून धूर निघत होता. रुपरावने प्लग उपटला, शेला ओढून बाहेर अंगणात फेकला. हात भाजला, फोड आले. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं.

दत्तोपंतांनी काळ्या पडलेल्या झेंडूकडे पाहिलं. "आरती चालली होती तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो जी."

"मग बोललात का नाही?"

"तुमचा भेव वाटला जी. नोकरीचा."

साहेबांनी यमुताईंना त्याच्या हाताला लावायला तेल आणायला सांगितलं.

एवढ्यात तुळसाबाई लेकराला पोटाशी धरून धावत आली. "भाऊजी, तुम्ही होते म्हणून वाचलं जी माझं लेकरू!" असं म्हणत ती रडतच वाकली आणि लेकराचं डोकं त्याच्या पायांवर टेकवायला लागली. रुपराव मागे सरकला, आणखी मागे, भिंतीला पाठ लागेपर्यंत. साहेबांची भीती कुठल्या कुठे गेली होती. आता त्याला स्वतःचीच भीती वाटत होती.