वजनं सोडून घेतलेलं मशीन

अकोल्याच्या त्या बाईंवरचा माझा राग अजून गेलेला नाही. त्यांचा अपराध आधी ऐका, मग मला काय ते बोला.

साठच्या दशकातली गोष्ट आहे. आमचं घर अमरावतीत. डोक्यावर भाजीची टोपली घेऊन गल्ल्या फिरण्यापासून बाजारात बसायची पक्की जागा मिळवण्यापर्यंत मी जे केलं ते घासाघीस करूनच. त्यातले दोन नियम मला कुणी शिकवले नव्हते. विकणारा मालाचे गुण सांगू लागला की त्याला तिथेच तोडायचं, कारण एकेका गुणाला भाव चढतो. आणि नको असेल ते आधी काढायला लावायचं. ठोक बाजारात फुलकोबी घेतानासुद्धा देठ आणि पाला तोडल्याशिवाय मी तराजूत टाकू देत नसे.

हिवाळ्याच्या तोंडाशी कामाने अकोल्याला गेले होते. तिथे कळलं, एका साहेबांची बदली झालीय आणि त्यांच्या बाईंना स्वेटर विणायचं मशीन विकायचं आहे. जपानी, हाताने चालवायचं, जाड लोकरीचं. लांबलचक पट्टीत आकड्याच्या सुयांची रांग, आणि त्यावरून इकडून तिकडे ढकलायची एक छोटी गाडी. एकदा ढकलली की एक ओळ विणून तयार. माझ्या डोळ्यांसमोर अमरावतीतले सगळे थंडीने कुडकुडणारे लोक उभे राहिले.

"हे जाड लोकरीचं आहे ना, म्हणून याच्या सुया जरा लांब लांब..." बाई समजावू लागल्या.

"म्हंजे सुया कमी," मी तोडलं. "बारीक लोकरीच्या मशीनले याच्या दुप्पट असतात. सुया अर्ध्या आन् भाव पुरा, काहून?"

"अहो, सुया मोजून कुणी भाव करतं का?"

"मंग काय मोजून करते?"

बाई हसल्या. मग माझं लक्ष खाली गेलं. मशीनच्या पोटाशी एक लांब फणी होती आणि तिला लोखंडाची वजनं टांगलेली होती.

"हे लोखंड कायले?"

"ते विणताना खाली..."

"राहू द्या. मी काई तराजू घ्याले नाई आली. हे काढून घ्या आन् आता भाव सांगा."

बाईंनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग शांतपणे फणी आणि वजनं काढली, कपाटात ठेवली आणि भाव उतरवला. बसमध्ये मशीन मांडीवर घेऊन मी अमरावतीपर्यंत अशी बसले होते, जणू बस माझीच आहे.

घरी आले तर शेजारच्या मुलीला मास्तरकीचा हुकूम आलेला. नेमणूक चिखलदऱ्याला. त्या घरातली ती पहिलीच नोकरी. रविवारी सकाळच्या बसने निघायचं होतं. तिकडची थंडी सगळ्यांना ऐकून माहीत होती, पण अंगात घालायला काही नव्हतं. तिची आई घोंगडी गुंडाळून देत होती.

"पोरगी काय घोंगडी पांघरून शिकवन?" मी म्हटलं. "लोकर आणा. रविवारी तिच्या आंगात स्वेटर असन."

त्यांनी मरून रंगाची जाड लोकर आणली. मी मशीन मांडलं, सुयांवर लोकर घेतली आणि गाडी ढकलली. पहिली ओळ झाली. दुसऱ्या ओळीला टाके खाली उतरेनात. तिसऱ्याला सगळे आकड्यांपाशी गोळा झाले आणि गाडी मध्येच अडकली. उसवलं, पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. दोन दिवस असेच गेले.

"अवं, हे विणून राह्यलं का गुतवळ करून राह्यलं?" आमचे मालक दारातून म्हणाले.

"तुमी गप बसा."

"म्या काय म्हटलं? सस्तात भेटलं ना? मंग सस्तातलंच विणन ते."

ती मुलगी रोज संध्याकाळी दाराशी येई, मशीनकडे बघे आणि काही न विचारता परत जाई. तिने विचारलं असतं तर मी चिडून तरी मोकळी झाले असते.

गुरुवारी पहाटेची बस धरून अकोला गाठलं. बाई ट्रंका भरत होत्या.

"खराब मशीन मारलं माह्या गळ्यात!" मी दारातूनच सुरुवात केली. "टाके खाली उतरतच नाई!"

"कसे उतरतील?" बाई म्हणाल्या. "त्यांना खाली ओढायला ती वजनं असतात. तुम्हीच काढायला लावलीत."

मी उंबरा ओलांडून आत गेले.

"मंग त्याच दिवशी सांगाचं होतं!"

"दोनदा सांगू लागले. तुम्ही बोलू दिलं का?"

त्यांनी ट्रंकेतून फणी आणि वजनं काढून माझ्यापुढे ठेवली. मी कमरेची पिशवी सोडली. "कितीले?"

"काही नको. न्या."

"काहून नको? भाव उतरवला ना तुमी?"

"असू द्या हो. चहा घेणार?"

"आर्धे तरी घ्या!"

"नाही."

"बरं, पुरे घ्या!"

"नाही म्हटलं ना. साखर किती घालू?"

हाच तो अपराध. मी भांडायला तयार होऊन गेले होते, आणि त्या बाईने मला फुकट देऊन चहा पाजला. आयुष्यात मी इतकी वाईट हरले नाही. आणि वर चहाही गोड होता.

शुक्रवार-शनिवार मशीन खरखर चाललं. वजनं लावली तशी मरून पट्टी सुयांखालून सरसर उतरू लागली. मालकही येऊन बसले, लोकरीचा गुंडा सोडत. पाठ झाली, पुढचे भाग झाले, बाह्या झाल्या. पण तुकडे शिवायचं काम हातानेच, आणि रविवार उजाडला तेव्हा उजवी काख उघडीच होती.

स्टँडवर मुलगी स्वेटर घालून खिडकीशी बसली. कपाळावर घाम. मी खाली उभी राहून खिडकीतून सुई चालवत होते.

"मावशी, राहू द्या ना आता."

"हात वर कर. आजून वर."

"ओ मावशी, गाडी सोडाची हाय!" कंडक्टर ओरडला.

"सोडजो ना गा. चार टाके राह्यले."

मुलीने हात पार खिडकीबाहेर उंच केला. ती निरोप घेतेय असं वाटून तिची आई हात हलवू लागली, तिचं पाहून आमचे मालक, मग गल्लीतून आलेले सगळेच. मी तेवढ्यात गाठ मारली आणि दाताने धागा तोडला.