बिनाबैलाची फौज

भावसिंगचा मालऑटो महागावहून तांड्यात पोचायच्या आधी त्याच्या थापा पोचतात. ऑटोचा हॉर्न कधीचा बिघडलाय, पण त्याचं काही अडत नाही. न पाहिलेल्या गोष्टीचं वर्णन तर तो पाहिलेल्यापेक्षा जास्त मन लावून करतो.

मोबाइल दुकानवाल्या जमीरनं नुसतं सांगितलं की कम्प्युटरवर जुन्या लढायांचा गेम आलाय. राजा आपण, फौज आपली. घरी येईस्तोवर भावसिंगनं त्यात आख्खा लमाणांचा तांडा घातला.

"याडी," तो आईला म्हणाला, "आपले बैल हायेत त्याच्यात! पाठीवर गोण्या, गळ्यात घुंगरं! फौजेले धान्य नेऊन राह्यले!"

रुपीबाई चुलीपुढून उठलीच. बैलांवर माल लादून, फौजांनाही धान्य पुरवत मुलूखभर फिरायचं, ती लदेणी. तिच्या आज्याच्याही आधी बंद पडलेली. "एक डाव डोयानं पाह्यली असती," हे ती भाकर थापतानाही म्हणायची. तिनं पेटीतून काचांची फेटिया काढली, तो घेरदार घागरा नेसली आणि ऑटोत पुढच्या सीटवर बसली. भावसिंगनं ऑटो महागावकडं वळवला. गेम त्यानं पाहिला कुठं होता!

दुकानात जमीरनं गेम सुरू केला. आधी धूर, मग ढोल, मग एक नकाशा. नकाशावर चौकटी उघडायला लागल्या. कर वाढवायचा का? वजीर बदलायचा का? राणीचा भाऊ रुसलाय, काय करायचं?

"जमीर, खेळ कवा सुरू होते?"

"हाच खेळ हाय, भावसिंगभाऊ."

"हे तं तहसील हाय बे! लढाई कुठी हाय?"

"पहले सीखना पडते ना."

"भाव्या," मागून आवाज आला, "बैल?"

"येऊन राह्यले, याडी. दुरून येतेत."

शेवटी फौज निघाली. फौज म्हणजे एकच शिपाई, डोक्यावर लिहिलेलं दहा हजार. तो कॅरमच्या सोंगटीसारखा घसरत निघाला. रुपीबाईनं पडद्याला नाक टेकवलं.

"यायले खायले कोण आणते?"

"काकी, ते अपने आप होते. कोपऱ्यात पोतं हाय, पाहा."

नखाएवढं पोतं होतं खरं.

"पोतं चालते?"

"चालते."

"पायानं?"

जमीरनं डोकं खाजवलं. आता कबूल केलेलं बरं, म्हणून भावसिंगनं तोंड उघडलं, "याडी, मी तं नुसतं..."

तेवढ्यात पडदा लाल झाला. शिपाई आडवा पडला. जमीरनं वाचलं, "रसद खतम. फौज भुकेनं मेली."

भावसिंगनं डोळे मिटले. आणि खदाखदा हसणं ऐकू आलं.

"मरतीन नाही तं काय करतीन!" रुपीबाई मांडीवर थापा मारत होती. "लमाण बोलावले नाही मेल्यानं! पोतं चालते म्हणे! जमीर, आणखी एक डाव मार यायले!"

जमीरनं फौज पुन्हा मारली. तिसऱ्यांदा तर रुपीबाई पडद्यातल्या राजावरच ओरडली, "बोलाव ना बे आमच्या तांड्याच्या नायकाले! काहून अकड दाखवून राह्यला?"

परत येताना ऑटोत ती भावसिंगला म्हणाली, "बैल नाहीत, हे मले पयलेच समजलं होतं. पण बैलाबिगर काय होते, ते तं दिसलं."

आता दर बाजाराच्या दिवशी तांड्यातल्या बाया मालऑटोत बसून जमीरकडं राजाची फौज उपाशी मरताना पाहायला जातात. भावसिंगला वाटलं, एकदा तरी जिंकावं. फौजेला धान्य धाडायचं बटन एव्हाना त्याला सापडलं होतं; ते त्यानं गुपचूप दाबलं, तशी शेजारच्या लालीबाईनं त्याच्या हातावर चापट मारली.

"काऊन बे, जेवाले घालून राह्यला काय त्यायले?"