गार्डकाकांचं बेवारस पार्सल

जगातल्या प्रत्येक वस्तूला मालक असतोच, फक्त तो यायला उशीर करतो, असं मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे अजनीला आमच्या शेजारी एकटेच राहणारे, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्डकाका. नोकरी सुटली तरी पितळी बटणांचा काळा कोट काही सुटला नव्हता. नागपूरच्या मे महिन्यातही ते तो घालून भाजी आणायला जात. रस्त्यात सापडलेली छत्री, एका पायाची चप्पल, कुणाचा तरी चष्मा, सगळ्याला तारखेची चिठ्ठी बांधून ओसरीत ठेवत. दिवाळीनंतर दाराशी आलेल्या कुत्र्याच्या पिल्लाच्या गळ्यातही तशीच चिठ्ठी पडली. "काका, नाव काय ठेवलं?" मी विचारलं. "दुसऱ्याच्या पार्सलले आपण काहून नाव द्यायचं गा? येईन न मालक!" तीन महिने ते पार्सल काकांच्याच ताटातली पोळी खात होतं.

एका सकाळी त्याने कोटाचं सैल झालेलं बटण तोडलं आणि गिळून टाकलं. काकांचा चेहरा पांढराफटक पडला. समोरच्या मावशी मिठाचं पाणी घेऊन धावल्या, "पाजा, ओकून टाकते!" काका आडवे आले. "नाही वं बाई! पुढं गेलेली गाडी मागं नाही ढकलत. बटणाची कडी घशात अडकली तं?" हे शास्त्र रेल्वेचं की कुत्र्यांचं, मला कळेना. मग त्यांनी जिवापाड जपलेल्या कोटाचं आणखी एक बटण स्वतःच उपटलं. "डॉक्टरले नमुना दाखवा लागते."

सायकलरिक्षाने आम्ही जनावरांच्या दवाखान्यात पोचलो. खिडकीतला कारकून म्हणाला, "मालकाचं नाव सांगा." काकांनी चिठ्ठीवरची तारीख दाखवली. पिल्लू त्यांच्या हातात कण्हत होतं. "मालकाशिवाय कागद निघत नाही, बाबा." काकांनी पिल्लाच्या गळ्यातली चिठ्ठी हळूच सोडली, खिशात घातली आणि स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं. आवाज इतका कापरा होता की मी दुसरीकडे पाहिलं.

डॉक्टरांनी नमुना निरखला, पोट चाचपलं. ओकायला लावलं नाहीत हे उत्तम केलंत, म्हणाले. बटण बहुधा आपसूक बाहेर पडेल. पण उलट्या झाल्या किंवा खाणं सुटलं तर तडक घेऊन या. दोन दिवस काका काडी घेऊन पिल्लाच्या मागे अंगणभर फिरले. तिसऱ्या दिवशी साऱ्या गल्लीला ऐकू आलं, "आली गा, गाडी आली!"

ते बटण त्यांनी कोटाला परत लावलं नाही, कुत्र्याच्या पट्ट्याला शिवलं. छत्री आणि चष्मा न्यायला शेवटपर्यंत कुणी आलं नाही. काका गेल्यावर कुत्रा माझ्याकडे आला, म्हातारा होईपर्यंत राहिला. कुणाचा, असं कुणी विचारलं की मी सांगायचो, गार्डकाकांचा.