पल्याडचा टॉवर

काही गुन्हे फाईलमध्ये मिटतात, डोक्यात मिटत नाहीत. हा त्यातला एक. तेव्हा मी इंदापूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. उजनी धरणाच्या पलीकडच्या काठावरून एका पहाटे शेतकऱ्यांच्या पाणी उपसायच्या पाच मोटारी चोरीला गेल्या.

खबर माणसाने दिली नाही, संगणकाने दिली. मोबाईलच्या नोंदी तपासणारी नवी प्रणाली आली होती. तिच्या उद्घाटनाला फीत, नारळ, शाली, भाषणं सगळं झालं; ती चालवायचं प्रशिक्षण तेवढं राहून गेलं. तिने सांगितलं, त्या पहाटे आमच्या काठावरच्या पळसदेवच्या एका मच्छीमाराचा फोन पलीकडच्या टॉवरवर होता. त्याच्याकडे होडी होती. आणखी काय हवं?

पलीकडच्या ठाण्याचं पथक त्याला न्यायला आलं. सोबत मोटारी गेलेल्या शेतकऱ्यांपैकी एक आबा होते. टेबलावर नकाशा पसरला. त्यावर लाल ठिपका.

"पहाटे कुठं होतास?" पथकाच्या अधिकाऱ्याने विचारलं.

"हितंच. काठाला जाळं सोडवत हुतो."

"मग फोन पलीकडं कसा?"

"ते फोनला इचारा की."

आबा भडकले. "मशीन खोटं बोलतंय व्हय रं?"

"मशीन कवा आलं हुतं काठाला, आबा? आमचा फोन पाण्यापाशी गेला की पल्याडचाच टावर धरतो. गावात कुणालाबी इचारा."

पथक हसलं. मी हसलो नाही. खोटं बोलणारा माणूस सहसा 'कुणालाही विचारा' म्हणत नाही. तो एका ठरावीक माणसाचं नाव सांगतो. मी त्याला हजर राहण्याची नोटीस देऊन घरी पाठवलं. तासाभरात वरिष्ठांचा फोन.

"यंत्राने आरोपी दिलाय आणि तुम्ही सोडता?"

"यंत्राने टॉवर दिलाय, साहेब. आरोपी आपण म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी तो जाळं सोडवत होता त्याच जागी मी काठावर उभा राहून माझ्या फोनवरून ठाण्याला चार कॉल केले आणि माझ्याच नोंदी मागवल्या. नोंदींप्रमाणे चारही वेळा मी पलीकडच्या काठावर होतो. मधल्या उघड्या पाण्यावर सिग्नलला अडवायला काहीच नव्हतं. तो कागद वरिष्ठांपुढे ठेवला. "याच पुराव्यावर अटक करायची तर आधी मला करा." त्यांनी तो कागद दोनदा वाचला आणि फाईलला लावला.

मग आबांना घेऊन पलीकडचं घटनास्थळ पाहिलं. पाइपाचे नट पान्याने उघडून एका दगडावर ओळीने ठेवलेले. वायर तोडलेली नव्हती. सोडवून टोकांना काळी टेप गुंडाळलेली.

"आबा, चोर टेप कशाला लावील?"

"शॉक बसू नये म्हणून..." आबा मध्येच थांबले. पाणी खाली गेलं की मोटारी पाण्यामागं सरकवाव्या लागतात. पाचही जणांचं ते काम एकच फिटर करायचा. "त्यो टेप लावल्याबिगर वायर सोडतच न्हाय," आबा हळूच म्हणाले.

पलीकडच्या पथकाने त्या फिटरच्या शेडमध्ये कडब्याखालून पाचही मोटारी काढल्या. चोरीच्या वेळी त्याचा फोन घरी चार्जिंगला होता. प्रणालीच्या लेखी तो निर्दोष.

मी उपकरणांच्या विरोधात नाही. पण अटकेच्या कागदावर सही माणसाची असते, आणि सही करणाऱ्याने आधी काठावर जाऊन उभं राहावं. अडचण यंत्राची नव्हती. त्याच्यावर विश्वास ठेवला की उन्हात जावं लागत नाही, ही होती. लोकांचंही तेच. साक्षीदाराला चार प्रश्न विचारणारं गाव छापील ठिपक्याला एकही विचारत नाही.

आठवड्याने मच्छीमार ठाण्यात आला.

"साहेब, सुटलो. पण बाजारात माझं मासं कुणी घेईना. मशीननं धरलेला माणूस म्हणत्यात. मशीन चुकलं असं कागदावर द्या."

असा नमुना खात्यात नव्हता. मी ठाण्याच्या कागदावर चार ओळी लिहिल्या, सही केली, गोल शिक्का मारला. त्याने तो कागद प्लास्टिकमध्ये घालून मासळीच्या पाटीशेजारी टांगला. पंधरा दिवसांत वरून लेखी विचारणा आली: शासकीय प्रणाली चुकली असं लिहून देण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला?

मी उत्तरादाखल त्याच चार ओळींची आणखी एक प्रत काढली, सही-शिक्का केला आणि पाठवून दिली.