हाताने आवळलेला जोड

नळाच्या कामाला चाचा घरात आले की आधी भिंतीला कान लावायचे. पिशवी खांद्यावरच, पाणीसुद्धा मागायचे नाहीत. बाथरूमच्या ओल्या फरशीवर उभे राहून डोळे मिटायचे आणि पाइप ऐकायचे. आयुष्यभर चौथीच्या पोरांना गप्प बसवलेली मी बाई, पण त्या वेळी मला गप्प बसवायचे ते. म्हणायचे, "चूप राहा जराशा, बाई. पाइप बोलून राह्यला."

चिखलीच्या या घरात मी एकटीच असते. मुलगा पुण्याला. आईला बादली उचलायला नको म्हणून त्याने गच्चीवर सोलर बसवला, गरम पाण्यावर पंप लावला आणि खाली शॉवर दिला. हौस त्याची आणि भोग माझे. चार थेंब पाणी, मग फस्स करून हवा, मग एकदम चटका. मुलगा फोनवर म्हणाला, "सोलरच्या टाकीवरची उघडी नळी बंद कर, हवा तिथूनच शिरते." मी नळीच्या तोंडाला प्लास्टिकची पिशवी बांधत होते, तेवढ्यात बोलावलेले चाचा वर आले आणि ओरडलेच, "काऊन जीव घेता तिचा? श्वास घ्यायची नळी हाय ते. बंद केली का टाकी पिचकते!"

हवा तिथूनच येत होती, पण दोष नळीचा नव्हता. पंप जेवढं गरम पाणी ओढायचा, तेवढं गार पाणी बारीक पाइपातून टाकीत पोचत नव्हतं. राहिलेली जागा हवा भरून काढायची. चाचांनी दोन दिवस खपून जाड पाइप टाकला. शॉवरला सलग, कढत धार आली. आठवडाभर मी खूश होते. मग लक्षात आलं, की त्या दोन दिवसांनंतर घरात कुणी बोललेलंच नाही.

पंपांशी चाचांचं नातं जुनं. बाजाराजवळ त्यांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. बीटी बियाणं आलं, पहिली काही वर्षं कपाशीवर बोंडअळी दिसेना, फवारण्या कमी झाल्या आणि दुकान ओस पडलं. तेव्हा त्यांनी नळाची कामं धरली. "शेतकरी खूश होता, तं मीबी खूश होतो," ते सांगत. पुढे गुलाबी अळी आली. पंप पुन्हा दुकानात आले, पण दुरुस्त झालेले नऊ पंप न्यायला कुणी फिरकलंच नाही. कुणी सुरतेला कामाला गेलं होतं. बाकीच्यांचं विचारलं की चाचा बशीतला चहा फुंकत बसायचे. प्रत्येक पंपावर रंगाने मालकाचं नाव होतं, आणि दर महिन्याला चाचा त्या नऊ पंपांच्या वायसरांना तेल लावत. "मालक आला तं वाळलेला पंप कसा देऊ त्याले?"

चाची जाऊन बरीच वर्षं झाली होती. चहाआधी ते साबणाने तीनदा हात धुवायचे, फवारणीच्या औषधाचा वास जावा म्हणून. मी म्हणे, "आता कुठला आलाय वास?" तर म्हणत, "मले येते."

आता माझं पाप सांगते. आमच्या गल्लीत एकट्या बाईनं परक्या पुरुषाला नुसतं चहाला बोलावलं, तर चार दारं उघडतात. काहीतरी काम असावं लागतं. पंपाच्या अलीकडे पाइपांचा एक जोड होता. चाचांना तो उघडताना मी पाहिलं होतं; तो ढिला राहिला की पंप तिथूनही हवा ओढतो, हे त्यांनीच सांगितलं होतं. एका सकाळी गच्चीवर गेले आणि तो अर्धा वेढा ढिला केला. खाली येऊन शॉवर सोडला, तर फस्स! लाजही वाटली आणि फोनही केला.

चाचा आले, भिंतीला कान लावला, वर गेले आणि जोड नुसत्या हाताने आवळला. मी विचारलं, "पाना नाही लावत?"

"हातानं पुरे हाय. जास्त आवळलं का आटे जातात."

मग चहा आणि तासभर गप्पा. त्या वर्षात हा उद्योग मी पाच वेळा केला. वयामुळे चाचा कामात ढिले पडलेत, असं मनाशी म्हणायचे आणि बरंही वाटायचं. पोरांना कॉपी करताना पकडून मी काय काय बोलले होते, ते मात्र आठवायचं नाही.

दिवाळीनंतर चाचा न बोलावता आले. भिंतीला कान न लावता थेट गच्चीवर गेले. मी मागोमाग. पिशवीतून मोठा पाना काढला, जोड उघडून आट्यांवर दोरा गुंडाळला, पाय रोवले आणि सगळा जोर लावून तो जोड आवळला.

"आटे जातील ना, चाचा?"

"नाही जात." त्यांनी वर पाहिलं नाही. "पोरगी अकोल्याले नेऊन राह्यली मले. दुकान देऊन टाकलं. आता तुम्ही हे ढिलं केलं, तं कोण येईन, बाई?"

माझी मान खाली गेली. मग हळूहळू डोक्यात उजेड पडला. जन्मभर जोड आवळलेला हा माणूस. तो पाना लावायला विसरला नव्हता.

"मग इतके दिवस पाना का नाही लावला?"

"चहा टाका," चाचा म्हणाले.

त्यानंतर ते दिसले नाहीत. शॉवर आता सुरेख चालतो. मुलगा फोनवर विचारतो, "हवा येते का गं अजून?" मी नाही म्हणते. मध्यंतरी एकदा फारच करमेना, तेव्हा गच्चीवर जाऊन दोन्ही हातांनी तो जोड फिरवून पाहिला. जरासुद्धा हलला नाही.