गोलाई जोडणाऱ्या जावा

रजयांच्या कारखान्यात मी इस्त्रीला होते तेव्हाची गोष्ट. तिथे दोन सख्ख्या जावा कामाला होत्या. मोठी कापड कापायची, लहान ते जोडायची. सगळा कारखाना त्यांना थोरली आणि धाकटी म्हणायचा, मुकादमसुद्धा. एकाच घरातून एकाच वेळी निघायच्या, रस्त्याने दहा पावलांचं अंतर ठेवून चालायच्या. सहा वर्षं दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नव्हत्या.

थोरलीला एकच मुलगी. नवरा लवकर गेला, त्यामुळे पोरीवर जीव. पोरीचा जीव मात्र काकूवर. एकोणिसाव्या वर्षी ती कुणाबरोबर तरी निघून गेली. महिनाभर आधीपासून काकूला सगळं ठाऊक होतं. ‘आईला सांगू नकोस’ असं पोरीने म्हटलं होतं, आणि धाकटीने सांगितलं नाही. त्यानंतर पत्र नाही, फोन नाही, कुठे आहे त्याचा पत्ता नाही. थोरली त्या दिवशी जावेला एवढंच म्हणाली, “तोंडाला कुलूप लावलं होतंस ना? आता ते काढू नकोस.”

धाकटीचा नवरा ट्रकवर. महिन्यातून चार दिवस घरी. एरवी दोघीच. लेकी बोले सुने लागे म्हणतात, पण या घरात लेकच उरली नव्हती. म्हणून थोरली मांजरीशी बोलायची. “मनीबाई, पीठ संपलंय.” मग धाकटी पीठ आणायची. धाकटी मांजरीशीही बोलत नव्हती.

कारखान्यात मात्र त्यांच्यावाचून चालत नव्हतं. आमच्या रजया गोल नक्षीच्या. चौकोनाला चौकोन कुणीही जोडेल. गोलाईला दोन वेगळे तुकडे लागतात. एक पाव चकतीसारखा फुगीर, दुसरा तेवढाच आत खोल कापलेला. टेबलावर ठेवले तर एकमेकांत चपखल बसतात, शिवायला घेतले की भांडतात. एकाची कड बाहेर वळते, दुसऱ्याची आत. दोन्ही मधोमध दुमडून खूण करायची, खुणेवर खूण ठेवून टाचणी लावायची, मग दोन्ही टोकांना, मग मधल्या जागी. खोल कडेला बारीक चिरा द्यायच्या, म्हणजे ती उघडते. मशीनखाली घातल्यावर ओढायचं नाही. ओढलं की चुणी आलीच. धाकटीच्या हातची शिवण माझ्याकडे यायची तेव्हा इस्त्रीला काम उरायचं नाही. पण त्यात निम्मं कसब थोरलीचं. सोळा थर एकावर एक रचून, पत्र्याच्या साच्याने खडूची रेघ मारून ती उभ्या पात्याचं मशीन फिरवायची. पहिला तुकडा आणि सोळावा तुकडा जुळी भावंडं.

मग कधीतरी तुकडे चुकायला लागले. एक-दोन धाग्यांचाच फरक, पण गोलाईत तेवढा पुरतो. फुगीर तुकडा मोठा, खोल तुकडा लहान. धाकटीने कुणाला सांगितलं नाही. छोट्या कात्रीने ती प्रत्येक तुकडा सारखा करायची आणि कातरण एप्रनच्या खिशात कोंबायची. चहाच्या सुट्टीत उठेनाशी झाली. मुकादम म्हणायचा, “थोरलीचं कापणं बघा, अजून कसं आहे.” थोरली मान हलवायची. धाकटीचा खिसा तेव्हा फुगलेला असायचा.

घरीही धाकटीला दिसत होतं. थोरली दाराच्या चौकटीला खांदा आपटायची. पाण्याचा पेला शेजारीच ठेवलेला असायचा आणि ती त्याला धक्का देऊन पाडायची. धाकटी न बोलता फरशी पुसायची. पेला उचलून तिच्या अगदी समोर ठेवायची.

एका हॉटेलची मोठी मागणी आली. गडद निळ्यावर काळी गोलाई. काळ्या कापडावर खडूची रेघ तशीही नीट दिसत नाही. मशीनवर काम करताना डाव्या हातात लोखंडी जाळीचा हातमोजा घालायचा नियम होता. थोरलीने तो काढून खिळ्याला अडकवला. कापडाची कड तिला बोटांनी चाचपून बघायची होती. आठवडाभर ती तशीच कापत होती. धाकटीचं मशीन तिच्यापासून चार हातांवर.

मग एका दुपारी जेवणानंतर मशीनचा आवाज बदलला. मी इस्त्री उभी केली. थोरली जागेवरच उभी होती. ती म्हणाली, “कापड बाजूला घ्या, डाग पडेल.” डाव्या हाताची दोन बोटं गेली होती, तिसऱ्याचं टोक. धाकटी धावली, अस्तराचं पांढरं कापड तिच्या हाताला घट्ट गुंडाळलं आणि तिला खाली बसवून घेतलं. सहा वर्षांत पहिल्यांदा बोलली. “जाऊबाई, हात वर धरा. वरच धरा.”

दवाखान्यात हाताचं झाल्यावर डॉक्टरांनी डोळे तपासायला पाठवलं. मीही बरोबर होते. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं जवळजवळ गेलंय. समोरचंही जाईल.”

“औषधाने परत येईल?” धाकटीने विचारलं.

“गेलेलं परत येत नाही. दोन वर्षांपूर्वी आणलं असतं तर आहे तिथे थांबवता आलं असतं.”

बाहेर बाकावर थोरली बांधलेला हात मांडीवर घेऊन बसली. मग विचारलं, “तुला कळलं होतं?”

“हो.”

“केव्हा?”

“दोन वर्षं झाली असतील. तुकडे जुळेनात.”

“मग?”

“तुम्ही ‘बोलू नकोस’ म्हणाला होतात.”

  बस आली तशी दोघी उठल्या. बसमध्ये चढताना थोरलीची पायरी चुकली, धाकटीने तिला काखेत धरून वर घेतलं.

पुढच्या आठवड्यात मालकाकडून एक साहेब चौकशीला आले. अपघात कारखान्याच्या निष्काळजीपणाने झाला असेल, तर थोरलीचे उपचार आणि पुढे तिला बसून करायचं काम, दोन्ही मालकावर होतं. साहेबांनी मला विचारलं, हातमोजा होता का. मी म्हटलं, मी इस्त्रीकडे बघत होते. खरं तर तो खिळ्याला लटकलेला मी रोज बघत होते. मग धाकटीला बोलावलं. तिने त्या बाकावर बसून मनाशी काय ठरवलं होतं देव जाणे. ती सगळं बोलली. डोळे, कातरण, दारावर आपटलेले खांदे, आठवडाभर काढून ठेवलेला हातमोजा. मुकादमानेही तो बघितला होता, पण काम वेगाने होत होतं म्हणून तो गप्प बसला, हेही बोलली. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. कागदावर शेवटी एकच वाक्य उरलं, की कामगाराने दृष्टिदोष लपवला आणि हातमोजा वापरला नाही. मुकादमाचं नाव त्यात नव्हतं. थोरलीला ना उपचाराचे पैसे मिळाले, ना बसून करायचं काम.

त्या संध्याकाळी धाकटीने घरी जाऊन आपण साहेबांशी काय बोललो ते सांगितलं. थोरली म्हणाली, “बोलायचं तेव्हा गप्प बसलीस. गप्प बसायचं तेव्हा बोललीस. तुला कसं कळत नाही गं?” आवाज चढवला नाही. मला हे धाकटीनेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, त्यापेक्षा मारलं असतं तर बरं.

त्यानंतर थोरली चार वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं पूर्ण अंधारात. धाकटी तिला आंघोळ घालायची, घास भरवायची, मगच कामावर जायची. अबोला संपला होता, पण गोडी आली असं म्हणता येणार नाही. थोरली भांडायची, पाणी कोमट का, खिडकी बंद का. कधी पोरीचा विषय काढायची. जायच्या आधी पोरगी काय काय बोलली, कुठला ड्रेस घातला होता, रडली का. धाकटी प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगायची. “रडली का?” याचं उत्तर ती “हो” द्यायची. एकदा तिने मला सांगितलं, पोरगी रडली नव्हती. हसत होती.

हिवाळ्यात छातीत कफ झाला आणि थोरली गेली. पोरीला कळवायला पत्ताच नव्हता.

धाकटी अजून त्याच कारखान्यात आहे, आता कापण्याच्या टेबलावर. नवीन बाई आली की पहिल्याच दिवशी तिला डोळे तपासून यायला सांगते. कुणी हातमोजा काढला तर मशीनचं बटण बंद करते आणि घालेपर्यंत चालू करू देत नाही. मुकादमाने तिला दोनदा लेखी ताकीद दिली आहे, काम खोळंबतं म्हणून. कारखान्यातल्या पोरी तिला रेडिओ म्हणतात. सकाळी मशीन सुरू झालं की ती सुरू होते आणि सुट्टीपर्यंत थांबत नाही. बऱ्याच जणींनी तिच्या शेजारची जागा बदलून मागितली आहे.