सरकारी वेलींना शेक

गोरक्षची उमेदीची वर्षे निफाडकडच्या द्राक्षबागांत गेली. दिवाळीच्या आधी छाटणीच्या टोळीबरोबर तो गाव सोडायचा, तो माल उतरल्यावरच परतायचा. पुढे भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला, त्याच्याच गावात, थंडीत तगणाऱ्या द्राक्षांच्या संशोधनासाठी सरकारी निधी मंजूर झाला. प्लॉटवर राखणदार हवा होता आणि गावातून दुसरे नाव निघालेच नाही. गोरक्षला प्रथमच बारा महिने घरचे जेवण मिळू लागले. निधी मात्र दोन वर्षांपुरताच होता. पुढे मिळाला नाही तर पुन्हा टोळी होतीच.

प्रयोग साधा होता. वेगवेगळ्या जातींच्या ओळी लावायच्या, डोंगरावरची थंडी त्यांना सोसू द्यायची आणि कोणती जात टिकते ते पाहायचे. संशोधक निकिता मॅडम नगरहून अधूनमधून येत. दुसऱ्या हिवाळ्याच्या शेवटी मुदतवाढ ठरवायला समिती आली. खर्च तपासायला मीही सोबत होतो. बाग हिरवीगार होती.

"सगळ्याच जाती टिकल्या?" अध्यक्षांनी विचारले. "एवढ्या थंडीत?"

"टिकतील न्हाई तर काय," गोरक्ष म्हणाला. "एक फुटवा करपू दिला न्हाई, साहेब. गारठा वाढला की पहाटं वळीवळीला शेकोटी. निफाडला आमी असंच करायचो."

निकिता मॅडमनी हातातला अहवाल मिटला. "गोरक्षभाऊ, शेकोट्या कधीपासून?"

"पयल्या थंडीपासनं, ताई. तुमी सांगायची वाट कशाला बघायची?"

गोवऱ्या आणि पालापाचोळा घरचा, त्यामुळे खर्चात काही दिसले नव्हते. राख तो वेलींच्या बुडाशी पसरायचा, मॅडमना ते खत वाटले. तापमापक बांधावरच्या खांबाला, शेकोट्यांपासून दूर होता. त्याने थंडी बरोबर नोंदवली होती. ती वेलींपर्यंत पोचलीच नव्हती.

समितीने आणखी एक हिवाळा दिला. अट एकच, शेकोटी पेटवायची नाही.

त्या हिवाळ्यात गोरक्षची बायको रंगुबाई काडेपेटी पदराच्या गाठीत बांधून ठेवू लागली.

"आवं, नोकरी राखा," ती म्हणायची. "येलांचं सरकार बघंल."

"मग मला राखनदार कशापाय म्हनत्यात?"

"पगार द्यायचा म्हून."

सकाळी तो ओळींतून फिरायचा आणि जे दिसेल ते मॅडमना फोनवर सांगायचा. कोणती ओळ काळी पडली, कोणती अर्धी गेली. थंडी ओसरली तेव्हा दोनच ओळींत हिरवे उरले होते. मॅडम खूश होत्या. आता त्यांच्याकडे सांगण्यासारखे काही होते. गोरक्षला तो आनंद कळला नाही, पण त्याने काही चुकीचे कळवलेही नाही.

निधीला मुदतवाढ मिळाली आणि त्याची नोकरी राहिली. बाद जातींच्या ओळी उपटायचे काम त्यालाच करावे लागले. त्यातला मुळाशी अजून जिवंत असलेला एक वेल त्याने मॅडमना विचारून घरी नेला.

यंदा हिवाळ्यात तपासणीला गेलो, तेव्हा त्याच्या घरी चहा झाला. न्हाणीजवळ, पाणी तापवायच्या चुलीला लागून, तो वेल मांडवावर चढला होता. चूल पेटलेली होती, पण वर हंडा नव्हता.

मी चुलीकडे पाहिले, तसा गोरक्ष म्हणाला, "ह्यो सरकारी न्हाई, साहेब."